मांडीवरचा फर्मा

"ही नव्हे," बसिलिसा म्हणाली आणि मांडीवरचा गिटारीच्या आकाराचा पुठ्ठा तिने भावाच्या दिशेने ढकलला. "घेऊन जा. फासळ्यांत घुसते माझ्या."

"मानांग, नीट धरून तरी बघ. पाय जरा पुढे घे."

"अठ्ठ्याहत्तर वर्षं हा पाय मी वापरतेय. कुठे ठेवायचा ते तू मला शिकवू नकोस, दोंग."

तेलोय स्वतः बहात्तर वर्षांचा होता. अबुनो गावात गिटारी करणारी जेवढी घरं होती, तिथली माणसं त्याला आदराने नोंग तेलोय म्हणत आणि तो रस्त्याने येताना दिसला की बाकावर सरकून जागा करत. पण थोरल्या बहिणीच्या, त्याच्या मानांगच्या, लेखी तो दोंगच होता, म्हणजे बारक्या. लहानपणी तिने त्याला कडेवर वागवलं होतं आणि पुढे खाली ठेवायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

त्याने पुठ्ठा उचलून भिंतीशी आधीच्या दोघांजवळ टेकवला. गळा नसलेल्या, तारा नसलेल्या तीन गिटारी ओळीने उभ्या राहिल्या. तिन्ही त्याने आठवणीतून आखल्या होत्या आणि तिन्ही चुकल्या होत्या.

मोठं वादळ झालं त्या डिसेंबरात बसिलिसाची गिटार गेली. घराचं छप्पर गेलं, त्याबरोबर भिंतीवरची गिटार गेली, आणि पलीकडे तेलोयच्या शेडवरचे पत्रे उडाले तेव्हा खिळ्याला टांगलेला त्याचा आकार आखायचा फर्माही गेला. छपरं दोन्ही पुन्हा झाली. पण नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आईच्या थडग्याशी बसून बसिलिसा आईची आवडती दोन गाणी वाजवायची, ते त्यानंतर बंद पडलं. पहिल्या वर्षी ती नुसती हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या वर्षी तेलोयच्या मुलीने, मेरिदेलने, दुकानातली नवी कोरी गिटार पुढे केली, तर आत्याने ती घेतली, एकदा छेडली आणि शेजारच्या थडग्यावर ठेवून दिली. "कपाट आहे," एवढंच म्हणाली.

तेव्हा तेलोयने ठरवलं की पुढच्या मृतांच्या दिवसाआधी हिची गिटार हिला करून द्यायची, अगदी तीच, तेवढीच. त्याने हत्यारं खाली ठेवून सात वर्षं झाली होती. शेड मेरिदेल चालवत होती, आणि ती परदेशी गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या नकाशाबरहुकूम मोठमोठ्या, रुंद कंबरेच्या गिटारी करत होती. आता ऑगस्ट संपत आला होता आणि अजून आकारच सापडत नव्हता.

"कार्पोंकडे असेल की तुमचा फर्मा, तातय," मेरिदेल म्हणाली. "अर्ध्या गावाकडे असेल."

तेलोयच्या डोक्यात हे आधीच का आलं नाही, याचं त्यालाच हसू आलं. चपला घालून तो निघाला.

अबुनोत गिटारीचा पुरता आकार कुणी आखत नाही. उभी गिटार मधोमध चिरली तर एका बाजूला जेवढी उरेल, तेवढीच प्लायवूडवर कापून ठेवायची: वर खांदा, मग आत गेलेली कंबर, खाली बैठक. हा झाला फर्मा. लाकडावर मधली रेघ मारायची, फर्मा तिला टेकवून पेन्सिल फिरवायची, मग तोच उलटा करून दुसरी बाजू. असं केलं की दोन्हीकडे सारखं येतं. कुणाचा फर्मा वापरायचा तर आधी त्याला विचारायचं. तेलोयला आजवर किती जणांनी विचारलं होतं याची गणतीच नव्हती. त्या आकाराला गावात नावच पडलं होतं, तेलोयची कंबर. जुनी माणसं गिटार हातात आली की आत चिकटवलेला कागद वाचायच्या आधी कंबरेवरून अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "तेलोयची."

कार्पो साठीचा, पोट सुटलेला, तेलोयच्या हाताखालून तयार झालेला. त्याने फर्मा खिळ्यावरून काढून, शर्टाने पुसून दोन्ही हातांनी पुढे केला.

"माझा कसला, नोंग, तुमचाच तो. घ्या."

तेलोयने अंगठा खांद्यावरून खाली उतरवला. कंबरेपाशी अंगठा अडखळला.

"हा जाड झालाय."

"कोण?"

"तुझा फर्मा."

"आता काय बोलावं! घरी बायको मला जाड म्हणते, इथे तुम्ही फर्म्याला म्हणताय. आम्ही दोघांनी जायचं कुठे?"

"चेष्टा नाही, कार्पो. हा कशावरून कापलास?"

"आधीच्यावरून."

"आणि तो?"

"त्याच्या आधीच्यावरून. वाळवी लागते, कडा झिजतात. किती दिवस पुरणार?" कार्पोने बोटं मोजली. "तुम्ही दिलेल्यावरून पहिला कापला तो थोरलीच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी. मग एक पुरात गेला... हा सहावा."

"कापताना रेघ खातोस की ठेवतोस?"

"ठेवतो! रेघेच्या बाहेरून करवत. तुम्हीच नाही का शिकवलंत? दहा वेळा डोक्यात टपली मारून शिकवलंत. कापलेलं परत चिकटत नाही म्हणून."

तेलोयने फर्मा पुन्हा उलटा करून बघितला. शिकवलं होतं खरंच. पण ते लाकूड कापायचं शिकवलं होतं. लाकूड मागाहून रंधून घासून मापात आणता येतं, तिथे रेघ ठेवावीच लागते. फर्मा मात्र कुणी पुन्हा घासत नाही. सुताराची चपटी पेन्सिल, तिची जाडी, वर करवतीने सोडलेली रेघ, असं प्रत्येक खेपेला कडेकडेने वाढत गेलं आणि सहा खेपांत दोन्ही बाजूंचं मिळून गिटारीला बोटभर अंग सुटलं. कार्पोकडेच नव्हे, सगळ्या गावात सुटलं असणार, कारण टपल्या त्याने सगळ्यांनाच मारल्या होत्या.

त्याने कार्पोची परवानगी घेऊन फर्मा पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. स्वतःच्याच आकारासाठी परवानगी मागायची वेळ आली म्हणून कार्पोला हसू आवरेना.

घरी येऊन तेलोय तीन दिवस त्या पुठ्ठ्यामागे लागला. पेन्सिलीची एक रेघ आत आखायची, कात्रीने कापायचं, कानशीने कड सारखी करायची, की पुन्हा एक रेघ आत. अशा सहा. मेरिदेल फणसाच्या फळ्या रंधत होती, तिचा पिवळा भुसा उडून त्याच्या पांढऱ्या केसांत बसत होता. सहावी रेघ कापून झाली तेव्हा त्याने डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. खांदा, कंबर, बैठक. कुठेही अडलं नाही. ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या नोंग फाउस्तोंची जुनी शेड, सरसाचा वास, खिडकीत बसून पॉलिश पेपर मारणाऱ्या बायका, त्यांची गाणी, दुपारी सगळ्यांनी मिळून सोडलेल्या भाताच्या पुड्या, हे सगळं त्या अंगठ्यापाशी आलं आणि त्याला भरून आलं. एकवीस वर्षांचं असणं किती सोपं होतं, असं त्याला वाटलं.

"सापडली," तो मेरिदेलला म्हणाला. "हीच. शंभर टक्के."

बसिलिसाने पुठ्ठा मांडीवर घेतला. उजवा हात वरून टाकायला गेली आणि मध्येच थांबली. डाव्या हाताने तिने उजवं कोपर धरून वर उचललं, पुठ्ठ्याच्या कडेवर ठेवलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"ही नव्हे."

"मानांग, हीच आहे!" तेलोयचा आवाज चढला. "सहा रेघा मोजून काढल्यात मी. अंगठ्याने बघितलीय. अगदी तीच आहे, कागदाइतकाही फरक नाही."

"असेल."

"मग?"

"मग काय? त्या वेळच्या बसिलिसाला नेऊन दे. तिला बसेल." तिने पुठ्ठा बाजूला ठेवला. "मी बसलेय ना इथे? हा हात खांद्याच्या वर जात नाही, पाठीला पोक आलंय, मांडीवर मांस राहिलं नाही. चार वेळा आलास. चार वेळा आठवणीतून, कार्पोकडून, कुठून कुठून माप घेऊन आलास. मला एकदा तरी विचारलंस? तेव्हा विचारलं होतंस."

हे शेवटचं वाक्य ती अगदी साध्या आवाजात बोलली. पुठ्ठा तिथेच टाकून तो घरी आला आणि शेडच्या पायरीवर बसून राहिला.

तेव्हा विचारलं होतं. नोंग फाउस्तोंच्या शेडमध्ये बसिलिसा पॉलिश पेपर मारायला होती आणि वाजवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तयार झालेली प्रत्येक गिटार आधी तिच्या मांडीवर जायची. नोंग फाउस्तोंचा आकार मोठा, जुना, कुठल्या तरी पाद्र्याच्या गिटारीवरून उतरवलेला. दिवसभर वाजवून वाजवून बसिलिसाच्या उजव्या हातावर कडेचा काळानिळा वळ उठायचा. एके दुपारी तेलोयने विचारलं, "मानांग, कशी असती तर लागली नसती?" ती उठली, इस्त्रीतला विझलेला कोळसा घेतला आणि प्लायवूडच्या तुकड्यावर उभ्या उभ्या एक रेघ ओढली. बैठक अरुंद केली, कंबर दोन बोटं वर नेली आणि आत दाबली. रेघ कुठेही थरथरली नाही. मग हात झटकून ती आपल्या जागी जाऊन बसली, आणि तेलोयने त्या रेघेवरून करवत फिरवली.

वर्षभरात लोक दुरून तो आकार बघायला यायला लागले. कुणाचा म्हणून विचारलं की नोंग फाउस्तो तेलोयकडे बोट दाखवायचे, कारण कापताना त्यांनी त्यालाच पाहिलं होतं. पहिल्यांदा तेलोय सांगणार होता. पण त्या दिवशी शेडमध्ये गर्दी होती. पुढे नाव पडलं, आत चिकटवायचे कागद छापून आले, त्यांवर फक्त त्याचं नाव. बायकांची नावं कागदावर घालायची रीत नव्हतीच. बसिलिसाने कधी विषय काढला नाही. तिने काढला नाही म्हणून त्याने काढला नाही, आणि असं न काढता काढता पन्नास वर्षं निघून गेली. आपण चोर नाही, असं तो मनाला सांगत आला होता, पण आज पायरीवर बसून त्याला ते जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बहिणीकडे गेला तो बगलेत तपकिरी कागदाची मोठी गुंडाळी आणि खिशात कोळसा घेऊन. मेरिदेलला त्याने मोजायला बोलावलं होतं. बसिलिसा वाटीतलं घट्ट चॉकलेट पीत बसली होती.

"मानांग," तो म्हणाला, "कशी हवी?"

बसिलिसाने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग वाटी खाली ठेवली.

"खुर्ची आधी बदला. ही प्लास्टिकची डुगडुगते."

लाकडी खुर्ची आली. बसिलिसा तिच्यावर जशी रोज बसते तशी, पुढे वाकून बसली. उजवा हात आपोआप जिथे पडेल तिथे तिने सोडून दिला, आणि मेरिदेलने कोपराखालचं माप घेतलं. डावा हात सहज जिथवर पोचतो तिथवर मोजलं. पोट आणि हात यांच्यामध्ये किती जागा उरते ते मोजलं, तर चार बोटं भरली.

"चारच?" तेलोय म्हणाला. "एवढी पातळ केली तर खर्ज जाईल, मानांग. गिटारीच्या पोटातून आवाजच येणार नाही."

"मला ढुमढुम करायचंय का? मिरवणुकीत नाचवायचीय ती? आईला ऐकू गेलं की बास."

मग कागद जमिनीवर पसरला. तिला खाली बसता येईना, म्हणून तेलोयने तो एका फळीला खिळवला आणि फळी तिच्यापुढे उभी धरली. बसिलिसाने कोळसा घेतला. या वेळी रेघ थरथरली. हात जाणार तिथे कड तिने उतरती घेतली, जवळजवळ खांदाच पाडून टाकला. खालची बाजू मात्र मांडीत रुतून बसावी म्हणून गोल, खोल ठेवली.

"आत्या, दोन्ही बाजू सारख्या नाहीत आल्या," मेरिदेल म्हणाली.

"माझ्या तरी कुठे सारख्या आहेत?"

"पण मग अर्धा फर्मा चालणार नाही. दोन्ही कडा वेगवेगळ्या वाकवाव्या लागतील. असं कुणी करत नाही, आत्या."

"तुला येत नसेल तर तसं सांग, दाय. तुझ्या बापाला येतं."

मेरिदेलने बापाकडे बघितलं. बाप दोन्ही हातांनी फळी धरून उभा होता आणि त्याचे डोळे त्या काळ्या रेघेवर होते. तेवढ्यात फाटकातून कार्पो आत आला. सहा रेघांचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय त्याला राहवलं नव्हतं.

"हे काय, नोंग?" तो म्हणाला. "फर्मा मानांग आखतायत?"

आता बोललो नाही तर कधीच नाही, हे तेलोयला कळलं.

"पहिलासुद्धा तिनेच आखला होता, कार्पो. ती कंबर माझी नाही, हिची आहे. मी नुसता कापला."

कार्पोने मान हलवली. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. आमची आई होती ना तिथे पॉलिश पेपर मारायला. सगळ्या बायका होत्या, सगळ्यांच्या देखत झालं ते. अख्ख्या अबुनोला माहीत आहे, नोंग." कार्पो जरा घुटमळला. "तुम्ही कधी बोलला नाहीत. मग आम्हीही तुमच्यासमोर नाही बोललो. तुम्हाला कशाला वाईट वाटायला लावायचं?"

तेलोयचे कान तापले. जी गोष्ट पन्नास वर्षं तो पोटात लपवून ठेवत होता, ती सगळं गाव त्याच्यासाठी लपवून ठेवत होतं. त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं आणि त्याच वेळी छातीवरून काही तरी उतरल्यासारखंही वाटलं. फळी एका बाजूला कलली.

बसिलिसाने मागे वळून बघितलं नव्हतं. कोळसा कागदावर जिथे होता तिथेच टेकलेला होता आणि तिथे एक काळा ठिपका जाड होत चालला होता.

"झालं का बोलून सगळ्यांचं?" ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता. "मग ती फळी सरळ धर, दोंग. माझी बैठक वाकडी येतेय."

सप्टेंबर आणि ऑक्टोबर त्या गिटारीत गेले. फणसाच्या पातळ फळ्या भिजवून, करवंट्यांच्या निखाऱ्यांवर तापलेल्या नळीवर तेलोयने स्वतः वाकवल्या. पडत्या खांद्याची कड दोनदा तडकली. तिसऱ्यांदा त्याने ती इतक्या हळू वाकवली की मेरिदेलला बघवेना, ती बाहेर जाऊन उभी राहिली. खर्जाची भीती त्याला शेवटपर्यंत होती. पोटाची फळी रंधताना तो दर थोड्या वेळाने ती कानाशी धरून बोटाने वाजवायचा आणि नाराज होऊन पुन्हा रंधा उचलायचा. तारा चढल्या तेव्हा आवाज निघाला तो लहानच होता, पण स्वच्छ होता. तेलोयचा जीव भांड्यात पडला. आत चिकटवायचा कागद त्याने हाताने लिहिला. वर बहिणीचं नाव घातलं, खाली स्वतःचं.

मृतांच्या दिवशी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं थडग्यांवर चटया टाकून बसली होती, मुलं मेणबत्त्यांचं वितळलेलं मेण गोळा करत होती, आणि प्रत्येक घराने डबे आणले होते. बसिलिसाची लाकडी खुर्ची मेरिदेलने डोक्यावरून आणली होती.

बसिलिसाने गिटार मांडीवर घेतली. उजवा हात वरून सोडला आणि तो आपसूक तारांवर जाऊन पडला. तेलोय तिच्या तोंडाकडे बघत होता, पण ती आता भावाला विसरली होती.

पहिल्या गाण्यात ती एकदा चुकली आणि मागे जाऊन पुन्हा वाजवलं. दुसरं गाणं, आई जाळी विणताना म्हणायची ते, तिने फार हळू घेतलं. कार्पोचं घरदार डबे उघडायचं थांबलं. पलीकडच्या थडग्यावरची माणसं ऐकण्यासाठी जवळ सरकली. गाणं संपायच्या थोडं आधी तिची बोटं मंदावली, एक तार दोनदा वाजली आणि मग थांबली. बसिलिसा पुढे झुकली. गिटारीच्या त्या पडत्या खांद्यावर तिचा हात होता, हातावर तिने गाल टेकला आणि ती झोपून गेली.

मेरिदेल गिटार काढून घ्यायला उठली. "पडेल, तातय."

"नाही पडत. राहू दे."

ऊन सरकत तिच्या तोंडावर यायला लागलं, तेव्हा तेलोयने छत्री उघडली आणि खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. कार्पोने बसायला चटई सरकवली, त्याने नको म्हटलं. आजूबाजूची कुटुंबं डबे बांधून एकेक करून निघायला लागली. बसिलिसाच्या श्वासाबरोबर गिटार थोडी वर होत होती, थोडी खाली येत होती. तेलोयच्या हाताला रग लागली, तशी त्याने छत्री दुसऱ्या हातात घेतली.